अनाथ पॅकेजांचा इतिहास : डेबियन आणि आर्चमधील सोडून दिलेल्या कामाची व्यवस्था

तुम्ही डेबियन किंवा उबुंटू बसवलेल्या संगणकावर काम केले असेल, तर एखादा प्रोग्रॅम हवा असताना काय करायचे हे तुम्हाला माहीत आहे. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहायची, पासवर्ड द्यायचा आणि थोडे थांबायचे. प्रोग्रॅम येतो आणि चालू लागतो. तो कोणी तयार करून ठेवला होता, हा प्रश्न त्या वेळी मनात येत नाही.

तो ज्या भांडारातून येतो त्याला रिपॉझिटरी म्हणतात आणि ज्या गठ्ठ्याच्या रूपात येतो त्याला पॅकेज. प्रत्येक पॅकेजवर एका मेंटेनरचे नाव असते. मेंटेनर आणि मूळ लेखक यांत गल्लत करू नका. मूळ लेखक प्रोग्रॅम लिहितो. मेंटेनर तो प्रोग्रॅम घेऊन आपल्या लिनक्स वितरणात नीट बसवतो, लोकांनी कळवलेले बग पाहतो, नवी आवृत्ती आली की ती भांडारात आणतो. बहुतेक मेंटेनर हे काम फावल्या वेळात, पगाराशिवाय करतात.

मग एक दिवस त्यातला एखादा मेंटेनर दिसेनासा होतो. नवी नोकरी लागली, घरी मूल झाले, आजारपण आले, किंवा केवळ कंटाळा आला. पॅकेज मात्र भांडारात राहते, त्यावर त्याचे नावही राहते, आणि तुमच्यासारखे लोक ते उतरवून घेत राहतात. सातबाऱ्यावर एकाचे नाव आणि शेत मात्र पडीक, असे गावाकडे दिसते, तसाच हा प्रकार. अशा पॅकेजाचे काय करायचे, ते कोणाच्या हाती द्यायचे आणि किती सहज द्यायचे, याची उत्तरे गेल्या तीस वर्षांत कशी बदलत गेली हे या टिपणात पाहायचे आहे. प्रश्न तांत्रिक वाटतो. खरे तर तो विश्वासाचा आहे, आणि त्याची किंमत किती मोठी असू शकते हे शेवटी २०२४ च्या घटनेत दिसेल.

एका तक्रारीतून सुरुवात

डेबियनचा जन्मच दुर्लक्षित सॉफ्टवेअरविषयीच्या तक्रारीतून झाला. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा इयन मर्डॉक हा विद्यार्थी त्या काळी एसएलएस हे लिनक्स वितरण वापरत होता. त्यात बग फार होते आणि त्यांची दुरुस्ती वेळेवर होत नव्हती. १६ ऑगस्ट १९९३ रोजी मर्डॉकने नव्या वितरणाची घोषणा केली. आपले आणि मैत्रीण डेब्रा हिचे नाव जोडून त्याने त्याला डेबियन म्हटले. त्याची कल्पना अशी की वितरण एकाच माणसाने किंवा कंपनीने न चालवता अनेकांनी मिळून बांधावे, आणि प्रत्येक भागाकडे कोणीतरी काळजीने लक्ष द्यावे.

या कल्पनेतच पुढच्या अडचणीचे मूळ आहे. प्रत्येक पॅकेजाला एक जबाबदार माणूस नेमला की कामाची गुणवत्ता वाढते, पण तो माणूस गेला की जबाबदारीही त्याच्याबरोबर जाते. जून १९९६ मधल्या डेबियन १.१ मध्ये ४७४ पॅकेजे होती. इतक्या लहान समूहात कोण हजर आहे आणि कोण नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. जुलै १९९८ मध्ये २.० आली तेव्हा पॅकेजे दीड हजारांवर आणि मेंटेनर चारशेंवर गेले होते. ऑगस्ट २००० मधल्या २.२ मध्ये ३,९०० हून अधिक पॅकेजे होती. आता ओळखीपाळखीवर भागणार नव्हते, नोंदवही हवी होती.

ती नोंदवही म्हणजे डब्ल्यूएनपीपी. कामाची गरज असलेल्या आणि भविष्यात यावीत अशा पॅकेजांची ही यादी. पुढे ती डेबियनच्या बग-नोंदणी व्यवस्थेतच सामावून घेतली गेली. पॅकेजाला मेंटेनर नसणे हाच एक बग मानायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि कोणीतरी येईपर्यंत तो उघडा ठेवायचा. मला यातली साधी हुशारी फार आवडते. नवी समिती नाही, नवा अर्ज नाही. जे यंत्र आधीच चालू होते त्यातच हा प्रश्न बसवला.

या यादीतील नोंदींना ठरावीक अक्षरे असतात. ‘ओ’ म्हणजे पॅकेज अनाथ झाले. ‘आरएफए’ म्हणजे मेंटेनर अजून सांभाळतो आहे, पण कोणी दत्तक घेतल्यास त्याला हवे आहे. ‘आरएफएच’ म्हणजे सोडायचे नाही, फक्त मदत हवी. ‘आयटीए’ म्हणजे कोणीतरी दत्तक घेण्याचा इरादा जाहीर केला आहे. अनाथ आणि दत्तक हे शब्द इंग्रजीतूनच आलेले आहेत, आपण केवळ त्यांचे मराठी केले. अनाथ पॅकेजावर मेंटेनर म्हणून डेबियनच्या गुणवत्ता गटाचे नाव लागते, आणि मग कोणीही अधिकृत सदस्य त्यात दुरुस्ती करून नवी प्रत चढवू शकतो.

जो बोलतच नाही त्याचे काय?

वरची सगळी व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे : जाणाऱ्याने ‘मी जातो’ असे सांगितले पाहिजे. प्रत्यक्षात माणसे सांगून जात नाहीत. पुढच्या महिन्यात वेळ काढू, असे म्हणत दोन वर्षे निघून जातात. ज्यांनी महाविद्यालयातील एखाद्या मंडळाचे काम केले आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको.

डेबियनने डिसेंबर १९९८ मध्ये स्वीकारलेल्या घटनेत एक महत्त्वाचे कलम आहे. कोणावरही काम करण्याची सक्ती नाही, फक्त इतरांनी नियमाने घेतलेल्या निर्णयांच्या आड येऊ नये, असा त्याचा आशय आहे. स्वयंसेवकांच्या संस्थेला याहून वेगळे काही लिहिणे शक्यही नव्हते. पण मग मेंटेनर गप्प बसला तर तो केवळ काम करत नाही, की इतरांच्या कामाच्या आड येतो आहे? नाव त्याचे असल्यामुळे दुसरा कोणी हात लावायला कचरतो, म्हणजे गप्प बसणे हासुद्धा एक अडथळाच झाला.

यावर डेबियनमध्ये हळूहळू तीन वाटा तयार झाल्या. पहिली, ‘एनएमयू’. मेंटेनर नसलेल्या व्यक्तीने केलेली दुरुस्ती. गंभीर बग असेल तर दुसरा सदस्य दुरुस्त प्रत चढवतो, पण बहुधा ती लगेच भांडारात जात नाही, विलंबाच्या रांगेत काही दिवस थांबते, म्हणजे मेंटेनर मध्येच जागा झाला तर ती रोखू शकतो. मालकी बदलत नाही. शेजाऱ्याने गळका नळ दुरुस्त करून द्यावा, घर मात्र ज्याचे त्याचे. काही मेंटेनरांनी तर स्वतःहून एका यादीत नाव घातले की माझ्या पॅकेजांना हात लावताना फार विचारू नका.

दुसरी वाट बेपत्ता मेंटेनरांचा शोध घेणाऱ्या गटाची. युद्धात हरवलेल्या सैनिकांसाठी वापरली जाणारी ‘एमआयए’ ही संज्ञाच या गटाने घेतली. हा गट मेंटेनरला ईमेल लिहितो, वाट पाहतो, पुन्हा लिहितो. उत्तर आलेच नाही तर शेवटी त्याची पॅकेजे अनाथ म्हणून जाहीर होतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला शाबासकी मिळत नाही. पण एखाद्याला न दुखावता त्याच्या नावावरचे काम काढून घ्यायचे, तर असा सबुरीचा मार्गच लागतो. पलीकडे माणूस आजारी असू शकतो, किंवा हयातच नसू शकतो.

तिसरी वाट सर्वांत उशिरा, २०१८ मध्ये आली. तिला ‘साल्व्हेजिंग’ म्हणतात, बुडालेल्या जहाजातला माल बाहेर काढणे या अर्थाने. एखाद्या पॅकेजात मेंटेनरने बगांना उत्तरे दिलेली नाहीत, मूळ लेखकाच्या अनेक नव्या आवृत्त्या आल्या तरी आणलेल्या नाहीत, दुरुस्त्या सगळ्या इतरांनीच केलेल्या आहेत, अशी लक्षणे दिसली तर कोणीही इच्छुक ‘मी हे पॅकेज वाचवू इच्छितो’ अशी नोंद करतो. त्यानंतर किमान २१ दिवस थांबायचे. हरकत आली नाही तर नवी प्रत विलंबाच्या रांगेत टाकायची, तिथे आणखी ७ दिवस. म्हणजे अठ्ठावीस दिवसांत मालकी बदलू शकते. संस्था स्थापन झाल्यापासून हा नियम यायला पंचवीस वर्षे लागली, यावरून व्यक्तीच्या मालकीविषयीचा आदर तिथे किती खोल होता हे कळते. माझ्या मते तो जरा जास्तच खोल होता.

दरम्यान मालकीची कल्पनाच सैल होत गेली. २००३ मध्ये अलिओथ नावाची सामायिक कार्यव्यवस्था सुरू झाली, २०१८ मध्ये तिची जागा साल्साने घेतली. एका व्यक्तीऐवजी गटाने पॅकेजे सांभाळण्याची पद्धत रुळली. पर्लची एका गटाकडे, पायथनची दुसऱ्याकडे, भारतीय लिपींच्या फॉन्टची आणखी एकाकडे. गटातला एक गेला तरी दुसरा असतो. निदान असावा, अशी अपेक्षा असते.

जुने, पण सोडलेले नाही

इथे एक फरक लक्षात घ्या, कारण परीक्षेतही तो चुकतो आणि प्रत्यक्षातही. कालबाह्य पॅकेज आणि सोडून दिलेले पॅकेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ग्नू ग्लोबल हे प्रोग्रॅमरांच्या उपयोगाचे साधन आहे. त्याची ६.० ही आवृत्ती २०११ मध्ये आली. डेबियनमध्ये मात्र वर्षानुवर्षे ५.७.१ हीच आवृत्ती राहिली. मेंटेनर बेपत्ता नव्हता. नव्या आवृत्तीतील काही बदल त्याला मान्य नव्हते, म्हणून तो ती आणत नव्हता. वापरणारे वैतागले. ऑक्टोबर २०१६ मध्ये हा वाद तांत्रिक समितीपुढे गेला. घटनेनुसार मेंटेनर कोण असावा यावरचा तंटा सोडवण्याचा अधिकार या समितीला आहे. २०१७ च्या जूनमध्ये स्ट्रेच हे पुढचे वितरण आले तेव्हा त्यात ६ मालिकेतील आवृत्ती होती. मेंटेनर उत्तर देतो, पण ते उत्तर ‘नाही’ असे असते, तेव्हा अनाथांसाठीचा कोणताही नियम उपयोगी पडत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या भाषेतच आहे. ॲस्पेल या शब्दतपासणी प्रोग्रॅमचा मराठी शब्दसंग्रह डेबियनमध्ये आहे. त्याची ०.१० ही आवृत्ती गेली अनेक वर्षे बदललेली नाही. म्हणून तो काढून टाकावा का? शब्दसंग्रहाला दर महिन्याला नवी आवृत्ती लागत नाही. तो चालतो आहे, त्यातून सुरक्षेचा धोका नाही, तोवर जुनेपणा हा दोष धरता येत नाही. छोट्या भाषिक समूहांची पॅकेजे अशीच असतात : वापरणारे थोडे, सांभाळणारा एक, बदल क्वचित. आकडे पाहून साफसफाई करणाऱ्याच्या हातून पहिली बळी जातील ती हीच.

काढून टाकण्याची वेळ मात्र येते. पायथन २ ला मिळणारा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यावर अवलंबून असलेली शेकडो पॅकेजे एकतर पायथन ३ वर न्यावी लागली किंवा सोडावी लागली. ज्यांना मेंटेनर होते ती बहुतेक गेली पुढे. ज्यांना नव्हते ती मागे राहिली आणि भांडाराबाहेर पडली. जून २०२३ मधल्या बुकवर्म या वितरणात ६४,४१९ पॅकेजे होती, आणि मागच्या वितरणातील ६,२९६ पॅकेजे कालबाह्य म्हणून काढली गेली होती. काढणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. जुन्या प्रती स्नॅपशॉट नावाच्या संग्रहात राहतात.

भारतातल्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. सी-डॅकने तयार केलेली बॉस ही कार्यप्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. वरच्या भांडारात एखादे पॅकेज अनाथ झाले की त्याचा वारसा खाली अशा सर्व वितरणांकडे येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद कोचीत भरली होती, आणि पॅकेजे सांभाळणाऱ्यांत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या लहान नाही.

दार सताड उघडे ठेवले तर

डेबियन सावध, म्हणून संथ. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांचे भांडार, म्हणजे एयूआर, याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तिथे तयार पॅकेजे नसतात, पॅकेज कसे बांधायचे याच्या पाककृती असतात. खाते उघडलेला कोणीही पाककृती चढवू शकतो. आवृत्ती जुनी झाली तर कोणीही तिच्यावर तशी खूण करू शकतो. मेंटेनरला काम सोडायचे असेल तर एक बटण दाबून ती अनाथ करता येते, आणि दुसऱ्या कोणालाही एक बटण दाबून ती दत्तक घेता येते. मेंटेनर गप्प असेल तर दोन आठवडे थांबून ते पॅकेज अनाथ करण्याची विनंती करता येते. जुनी असल्याची खूण १८० दिवस तशीच राहिली असेल, तर ती विनंती आपोआप मान्य होते.

२०१५ मध्ये एयूआरने साचलेला पसारा एका फटक्यात आवरला. भांडार गिट या व्यवस्थेवर नेताना जुन्या पाककृती आपोआप हलवल्या गेल्या नाहीत. ज्याची असेल त्याने स्वतः येऊन नव्या जागी पुन्हा चढवावी, असे ठरले. ८ जूनला नवे भांडार उघडले, पहिला महिना मूळ मेंटेनरांसाठी राखून ठेवला आणि ८ ऑगस्टला जुने भांडार बंद झाले. निवृत्तिवेतन घेणारे आजीआजोबा दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देतात, तोच हा प्रकार. जो आला नाही त्याचे पॅकेज मागे राहिले.

पण दत्तक घेणारा कोण, हे तिथे कोणी विचारत नव्हते. अडोबी कंपनीचा लिनक्ससाठीचा पीडीएफ वाचक, ॲक्रोरीड, कंपनीने केव्हाच सोडून दिला होता. एयूआरमधली त्याची पाककृतीही अनाथ होती. जुलै २०१८ मध्ये एका नव्या व्यक्तीने ती दत्तक घेतली आणि तिच्यात एक ओळ घुसवली. पॅकेज बांधताना ती ओळ बाहेरून एक स्क्रिप्ट उतरवून चालवत असे, आणि मग यंत्राविषयीची माहिती ठरावीक वेळाने बाहेर पाठवण्याची तजवीज होई. आणखी दोन पॅकेजांतही असेच बदल सापडले. प्रकार लवकर लक्षात आला, बदल मागे घेतले गेले, खाते बंद झाले. नुकसान फार नव्हते. पण अनाथ पॅकेज म्हणजे आयता मिळालेला विश्वास, हे सगळ्यांना दिसले. जुन्या नावावर लोकांचा भरवसा असतो, आणि नाव तेच राहून माणूस बदलतो.

एक्सझेड : दबावाचा उपयोग

एक्सझेड हे फाइली दाबून लहान करण्याचे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. अनेक वर्षे ते मुख्यतः एकच माणूस, लासे कोलिन, फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आणायला सुरुवात केली. काम फार संथ चालले आहे, दुसऱ्याला मेंटेनर करा, अशी भाषा. त्यातले एक नाव ‘जिगर कुमार’ असे भारतीय वळणाचे होते. कोलिनने आपली मानसिक प्रकृती बरी नसल्याचे आणि हे बिनपगारी काम असल्याचे सांगितले. त्याच वेळी ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी चांगल्या दुरुस्त्या पाठवत होते, मदत करत होते. हळूहळू त्या व्यक्तीकडे अधिकार गेले.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत गुप्त मागचे दार होते. २५ मार्चला आणखी एका नव्या नावाने डेबियनमध्ये विनंती आली की ५.६.१ लवकर घ्या, आणि सोबत एनएमयूसाठी तयार प्रतही होती. वर पाहिलेले सगळे मार्ग इथे दिसतात : मेंटेनर थकला आहे, आवृत्ती जुनी आहे, मी मदत करतो. सद्भावनेने काम करणारा स्वयंसेवकही हेच शब्द वापरतो. कोणत्या नोंदवहीने हे दोघे वेगळे ओळखावेत?

नोंदवहीने ओळखलेही नाही. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या चाचणीतील यंत्रावर दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्याने पिच्छा पुरवला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सांगितले. डेबियनच्या स्थिर वितरणात ही आवृत्ती पोहोचलेली नव्हती, पण चाचणीच्या शाखांत पोहोचली होती. ती परत फिरवायची तर अडचण अशी की पॅकेज व्यवस्था मोठा क्रमांकच नवा मानते. म्हणून परत आणलेल्या जुन्या आवृत्तीला ‘५.६.१+रिअली५.४.५’ असे नाव द्यावे लागले. वरवर पाहता ५.६.१, खरे पाहता ५.४.५.

कोलिनने मे २०२४ मध्ये मागचे दार काढलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. डब्ल्यूएनपीपीची यादी अजून चालू आहे. तुमच्या डेबियन यंत्रावर डेव्हस्क्रिप्ट्स हे पॅकेज बसवलेत, तर त्यातली एक आज्ञा तुम्ही वापरत असलेल्या पॅकेजांपैकी कोणती अनाथ आहेत हे नावानिशी सांगते.